वाजायला लागलं का?

दर रविवारी सकाळी मी दादाला फोन करते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत 'पीक कसंय?' ह्या प्रश्नाची त्याच्याकडे दोनच उत्तरं असतात. पाऊस नसला तर 'बघू', आणि पाऊस जास्त असला तर 'बघू की'. पुण्यात राहून मला आता त्या 'की'वरून लातूर जिल्ह्यातलं आभाळ ओळखता येतं.

पीक चांगलं आहे असं तो कधीच म्हणत नाही. आण्णाही, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे नाहीत. बांधावरून जाता जाता कुणी 'यंदा लई झकास हाय की तुमचं' म्हणालं, तर आण्णा एकदम दुसरंच काहीतरी काढायचे. बैलाचा खूर, सोसायटीचं कर्ज, कुणाच्या तरी पोरीचं लग्न. बाळाला तीट न लावता कुणी कौतुक केलं की आया जशा अस्वस्थ होतात, तसे ते उभ्या पिकाच्या कौतुकानं व्हायचे. रास घरात आल्यावर मात्र तेच आण्णा पोत्यावर बसून गावभर मोठ्यानं बोलायचे.

ते असताना सप्टेंबरच्या शेवटी फोनवर माझा प्रश्न वेगळा असायचा. 'वाजायला लागलं का?' सोयाबीनच्या ओळीवरून पंजा पसरून हात फिरवायचा. शेंगा वाळल्या असतील तर आतले दाणे खुळखुळतात. ओलं असेल तर हाताला फक्त लव लागते, आवाज येत नाही. आण्णांचं काढणीचं यंत्र एवढंच होतं. आता ते नाहीत, प्रश्न राहिला आहे.

२०२४ साली घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, गुरुवारी. मी बुधवारी रात्रीच्या गाडीनं निघाले. तुळजापूर सोडलं तेव्हा उजाडत होतं. रस्त्यानं पोरं ज्योत घेऊन पळत होती, अनवाणी, पुढे मोटारसायकल, मागे टेम्पो, त्यात देवीचं गाणं. आणि दोन्ही अंगांना सोयाबीन. कुठे हिरवं, कुठे पिवळं, कुठे पाला झडून नुसत्या तपकिरी काड्या, आणि मधूनच एखाद्या मोकळ्या रानात ताडपत्रीखाली झाकलेली बनीम. कापलेल्या पिकाच्या ढिगाला आमच्याकडे बनीम म्हणतात. गाडीतून बघणाऱ्याला वाटावं, प्रत्येकानं वेगळं पीक घेतलंय. पीक एकच, पण कुणी मृगाच्या पहिल्या पावसावर पेरलेलं, कुणी आठ दिवस थांबून. कुणाचं जुनं जेएस-३३५ वाण, कुणाचं दहा-बारा दिवस उशिरा येणारं फुले संगम. त्यामुळे आभाळ सगळ्यांवर एकच असलं तरी एकाच सरीनं एकाचं भलं होतं आणि त्याच्या शेजाऱ्याचं वाटोळं.

महाराष्ट्रात आता ५० लाख हेक्टरच्या आसपास सोयाबीन असतं. मी शाळेत होते तेव्हा आमच्या शिवारात ते कुणाला ठाऊक नव्हतं म्हटलं तरी चालेल. हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद, थोडी सूर्यफुलं. मूग-उडीद पोळ्याच्या आसपास घरात यायचा, ज्वारी मागून. नासायचं तर एक नासायचं, दुसरं हाताला लागायचं. हायब्रीडचं कणीस पावसात काळं पडायचं आणि त्या काळ्या ज्वारीची कडवट भाकरी आम्ही तोंड वाकडं करत खायचो, पण खायचो. सोयाबीन काळं पडलं तर ते खाताही येत नाही. ते विकायलाच पेरलेलं असतं. आई अजून त्याला 'ते पैशाचं पीक' म्हणते, नाव घेत नाही.

आमचं रान पाच एकर. तीन एकर माळाच्या अंगाला, मुरमाड. दोन एकर तळाला, ओढ्याच्या काठी, काळं, भारी. आण्णा म्हणायचे, माळ दुष्काळात रडवतो आणि तळ सुकाळात. २०२४ तसं बघायला गेलं तर सुकाळाचं साल. पाऊस वेळेवर आला, पेरण्या लवकर उरकल्या, ऑगस्टमध्ये फुलं बघून दादा एकदा फोनवर चक्क हसला होता. मग सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानं तळातल्या रानात चार दिवस पाणी उभं राहिलं.

पाणी उभं राहिलं म्हणजे काय होतं, हे शहरात सांगताना मला फार कष्ट पडतात. 'पाणी तर चांगलंच ना पिकाला?' असं एका सहकाऱ्यानं मला विचारलं होतं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. त्या जिवाणूंना श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की आधी ते गुदमरतात, मग मुळं. वर पानं पिवळी पडतात. लोक म्हणतात रोग आला, दुकानदार बाटली देतो, आणि बाटलीत काय आहे हे दुकानदारालाही नीट ठाऊक नसतं. पाणी आलं ते नेमकं शेंगा भरायच्या वेळी. झाडानं जेवढे दाणे धरले होते तेवढे पोसायला त्याच्याकडे बळ उरलं नाही. तळातल्या शेंगा वरून पाहिल्या तर भरपूर होत्या. दाबून पाहिल्या की पापडी, तीनपैकी एका खणात दाणा, दोन मोकळे.

माळावरचं सोयाबीन मात्र उभं होतं, भरलेलं, पाला झडलेलं. मी पोचले त्या दिवशी दुपारी बांधावर उभं राहून हात फिरवला. आवाज आला, पण ओलसर. खिशातल्या चिल्लरीसारखा नाही, मुठीतल्या चिल्लरीसारखा.

'दोन दिवस ऊन पाहिजे,' दादा म्हणाला.

त्या दोन दिवसांसाठीच मी हे सगळं लिहायला घेतलंय.

सोयाबीनचा दाणा आतून पूर्ण तयार होतो, तेव्हा त्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. झाडाचं काम तिथे संपतं. पुढे ते दाण्याला काहीच देत नाही, नुसतं धरून उभं असतं. तिथून पाण्याचं प्रमाण तेरा-पंधरा टक्क्यांवर यायला आठ-बारा दिवस उन्हाचे लागतात. ह्या दिवसांत शेतकऱ्याला करण्यासारखं काही नसतं. खत नाही, फवारणी नाही, खुरपणी नाही. तीन महिने राबल्यावर ऐन शेवटी हात बांधून उभं राहायचं. शेतीतलं सगळ्यात अवघड काम कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

ह्या दिवसांत पाऊस आला की दाणा फुगतो. ऊन पडलं की आकसतो. परत पाऊस, परत फुगतो. त्याचं साल पातळ असतं, अशा दोन-तीन हेलपाट्यांत ते सुरकुततं, तडकतं. बुरशीला वाट मिळते, दाण्यावर काळे-जांभळे डाग चढतात. ओल तशीच राहिली तर शेंगेतल्या शेंगेतच कोंब फुटतो. आणि सगळं वाचलं, कडक ऊन पडलं, तरी सुटका नाही. भिजून वाळलेली शेंग दुपारच्या उन्हात आपोआप उलते, टक् असा आवाज होतो आणि दाणे जमिनीवर. म्हणून जुनी माणसं सकाळी दहिवर असतानाच कापणी धरायची, शेंग तेव्हा मऊ असते. म्हणजे वाळायला ऊन हवं, कापायला थोडी ओल हवी, मळायला परत ऊन हवं. आभाळाकडून इतकं बारीक काम करून घ्यायचं असतं.

आभाळाची बातमी मात्र आता कुठूनही मिळते. दादाच्या फोनमध्ये हवामानाचे सात-आठ गट आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो: तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस, वादळी वारा, काढणी केलेलं पीक सुरक्षित ठिकाणी ठेवावं. 'तुरळक ठिकाणी' ह्या दोन शब्दांवर दादाचा राग आहे. आपलं रान त्या तुरळकात आहे की नाही, एवढंच त्याला पाहिजे असतं. मी त्याला समजावायचा प्रयत्न केला की परतीच्या पावसाचे ढग स्थानिक असतात, दुपारच्या उष्णतेनं उभे राहतात, दोन गावांच्या मध्येच पडून मोकळे होतात, कुणी इतकं नेमकं सांगू शकत नाही. तो म्हणाला, 'मग आपल्या काकूचं पंचांग काय वाईट?'

काकू पंचांगात नक्षत्राचं वाहन बघते. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस. कोल्हा किंवा मेंढा असला की कोरडं. तेव्हा हस्त नक्षत्र चालू होतं, आमच्या बोलण्यातला हत्ती. 'पडतील हत्ती तर कोसळतील भिंती' हे आमच्या घरात दर वर्षी एकदा तरी म्हटलं जातं, आणि म्हटल्यावर दोन क्षण कुणी बोलत नाही. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भिंती कोसळल्या त्या पावसानं नव्हे. त्या वर्षीही रानात पिकं उभी होती. भूकंपानंतरच्या दिवसांत पाऊस लागला होता, आणि कापायला माणूस नाही म्हणून उभी राहिलेली शेतं मी लहानपणी पाहिली आहेत. काढणी म्हटलं की आमच्या भागातल्या चाळिशीपुढच्या माणसाच्या मनात हेही असतं. त्यावर कुणी बोलत नाही, मीही इथे जास्त बोलत नाही.

मान्सून परत फिरायची तारीख हवामान खात्यानं २०२० साली बदलली. पश्चिम राजस्थानातून परतीला लागण्याचा सर्वसाधारण दिवस पूर्वी १ सप्टेंबर धरायचे, आता १७ सप्टेंबर. कागदावर हा सोळा दिवसांचा फरक. पण आमच्या पिकाचं वेळापत्रक जुन्या तारखेवर बसलेलं आहे. जूनच्या मध्याला पेरलेलं, शंभर दिवसांचं वाण सप्टेंबरच्या शेवटी काढणीला येणार म्हणजे येणार. पाऊस उशिरा जायला लागला म्हणून झाड काही थांबत नाही. दादाला ही तारखांची गोष्ट सांगितली तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. 'त्यांना आता कळलं,' एवढंच म्हणाला.

घरी काकू आणि वहिनी घटाची तयारी करत होत्या. पत्रावळीवर रानातली काळी माती, तळातल्या वावरातूनच आणलेली, त्यात गहू, ज्वारी, हरभरा, जे घरात असेल ते. वर मातीचं मडकं, पाण्यानं भरलेलं. मडक्यातून पाणी झिरपतं, धान्याला रोज तेवढीच ओल मिळते, अंधाऱ्या खोलीत समईच्या उजेडात ते रुजतं. दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतं. ज्या घरात घट चांगला उगवला त्या घरात साल चांगलं जाणार असं म्हणतात. शनिवारी सकाळी वहिनीनं घटावरचं फडकं बाजूला केलं तर पांढरे बारीक कोंब वर आले होते. काकूनं हात जोडले.

त्याच सकाळी दादानं तळातून सोयाबीनची चार झाडं उपटून आणली आणि ओट्यावर टाकली. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात ती आडवी झाली होती, खालच्या शेंगा चिखलाला टेकलेल्या. एक शेंग मी सोलली. आत तसाच पांढरा कोंब, सालाला भोक पाडून निघालेला. मी ती शेंग काकूला दाखवायला गेले आणि उंबऱ्यातूनच परत आले.

आता ज्या गोष्टीनं मला त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त छळलं ती सांगते. सोयाबीनमध्ये आमच्याकडे तूर असते. ठरावीक तासं, म्हणजे ओळी, सोयाबीनची, मग एक तास तुरीचं. दोन्ही एकदम पेरतात. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं आणि तूर मागे राहते, तिला सगळी मोकळी जागा मिळते, ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत जाते. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकाच वावरात दोन पिकं शेजारी उभी असतात. एक म्हणतं आता एक थेंब नको. दुसऱ्याला कळ्या लागायच्या आधी एखादा पाऊस मिळाला तर हवा असतो, माळावर तर हवाच. आणि सोयाबीन निघालेल्या तासांत पुढे हरभरा पेरायचा असतो, तो कोरडवाहू, त्याला जमिनीतली ओल पुरली पाहिजे. हस्ताचा पाऊस हा रब्बीचा पाऊस. तो अजिबात झाला नाही तर सोयाबीन सोन्यासारखं घरात येतं आणि हरभरा पेरता येत नाही.

तर शेतकऱ्यानं मागायचं तरी काय? मी दादाला हे विचारलं. आम्ही बांधावर बसलो होतो. समोर सोयाबीनच्या तपकिरी काड्या आणि त्यांच्यामधून कमरेच्या वर गेलेली हिरवीगार तूर. तो म्हणाला, 'मागायचं नाही.' मग थोड्या वेळानं, 'आण्णा देवापुढं पण पावसाचं बोलायचे नाहीत. पोरांना सुखी ठेव म्हणायचे.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दादाचं 'बघू' ही टाळाटाळ नाही. पुण्यात मी ते वर्षानुवर्षं टाळाटाळ समजत आले. पाऊस यावा आणि येऊ नये ह्या दोन्ही इच्छा ज्याच्या एकाच वावरात उभ्या आहेत, त्याला 'पीक कसंय'चं दुसरं काय उत्तर देता येईल?

शुक्रवारी माळावर कापणी धरली. हार्वेस्टर मिळत होता, पण तो तुरीच्या तासांमुळे चालत नाही, आणि तो गेला की भुसकट जनावरांना नीट मिळत नाही. कर्नाटकाच्या हद्दीतून आलेली टोळी होती, गुत्त्यानं, एकराच्या भावावर. त्यांचा मुकादम सकाळी सहाला आभाळाकडे बघून भाव ठरवतो. ढग दाटले की भाव वाढतो, उघडीप असली की उतरतो. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, ढग आले की सगळ्या गावाला एकाच दिवशी तीच माणसं पाहिजे असतात. टोळीतल्या तीन बायका नवरात्राच्या नेमानं अनवाणी होत्या. सोयाबीन कापल्यावर जे धसकट राहतं ते तिरपं, टोकदार, ट्रॅक्टरच्या टायरला भोक पाडील असं. त्यातून त्या वाकून चालत होत्या, पाय ओळीच्या मधल्या मातीत बरोबर ठेवत. एकीला मी चपला घालायला सांगितल्या. ती हसली आणि म्हणाली, 'आईनं नजर ठेवलीय.' संध्याकाळी तिच्या टाचेला रक्त होतं. ती त्यावर माती दाबत होती.

कापलेलं पीक एक-दोन दिवस पसरून वाळवायचं, मग बनीम रचायची, मग मळणी यंत्र आलं की रास. इथे तेव्हा विम्याचा एक गमतीचा नियम होता, गंमत म्हणायची तर. काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाई कापून रानात सुकायला पसरलेल्या पिकाला असायची, तीही कापणीपासून १४ दिवसांपर्यंत. नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचं. २०२३ पासून राज्यात एक रुपयात विमा होता, आम्हीही भरला होता (२०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली, काढणीनंतरची ही भरपाईही गेली). पण ढग आले की शहाणा माणूस पसरलेलं पीक गोळा करून बनीम घालतो आणि ताडपत्री ओढतो. एका वर्षी वाऱ्यानं आमची ताडपत्री उडाली, बनीम भिजली. तक्रार करायला मी फोनवर फॉर्म भरत होते, माळाच्या टोकावर उभी राहून, कारण रेंज तिथेच येते. पाहणीला आलेल्या पोरानं विचारलं, पीक पसरलेलं होतं का? दादा खरं बोलला. त्या वर्षी काही मिळालं नाही. पोराची चूक नव्हती, त्याच्या कागदावर तेवढाच रकाना होता.

सरकारी पंचनाम्याचं गणित आणखी निराळं. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत. पाच मिलिमीटरची भुरभूर सहा दिवस लागली तर ती कुठल्याच कागदावर येत नाही. दाण्याला विचाराल तर तो ह्या दुसऱ्या पावसानंच जास्त नासतो.

२०१९ चा ऑक्टोबर तसा होता. दिवाळी आली तरी पाऊस थांबेना. बनीम रचून पंधरा दिवस झालेले, ताडपत्री वर काढली की आतून वाफ यायची, जनावरांच्या शिळ्या आंबोणासारखा वास. आण्णा नुकतेच गेले होते, दादाचं एकट्यानं पहिलंच वर्ष. त्यानं बनमीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. आतून ती तापली होती. त्या पावसाचं खरं बिल पुढच्या जूनमध्ये आलं. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आदल्या ऑक्टोबरला भिजलेलं पीकच बियाण्यात आलेलं होतं. सोयाबीनचा जीव सालाच्या अगदी खाली असतो. पोतं उंचावरून आपटलं तरी उगवण कमी होते, तिथे पंधरा दिवस भिजलेल्याचं काय. प्रमाणित बियाण्याला ७० टक्के उगवण लागते. त्या वर्षी दादानं गोणपाटावर शंभर दाणे मांडून घरचं बियाणं तपासलं तर त्रेचाळीस उगवले. मग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याकडून आत शिरून तेलंगण, सोलापूर ओलांडत थेट अरबी समुद्रापर्यंत गेला आणि वाटेतलं सगळं धुऊन नेलं. २०२३ मध्ये उलटं. १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, शेंगा भरायला पाणी नाही, पांढरी माशी वाढली आणि शिवारंच्या शिवारं पिवळ्या मोझॅक रोगानं हळदीसारखी झाली. ही सगळी एकाच पिकाची पाच वर्षं. 'हातातोंडाशी आलेला घास' असं पेपरवाले दर ऑक्टोबरला छापतात. शब्द झिजून गेलेत. पण मला अजून त्याहून बरे सुचलेले नाहीत.

शनिवारी दुपारी दादा थोडं सोयाबीन नमुन्याला घेऊन लातूरला गेला, मीही गेले. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली सौदा चालला होता. १४ सप्टेंबरला केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा चार दिवस भाव हलला, मग आवक सुरू झाली तसा बसला. आडत्यानं मूठभर दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली धरला, मग यंत्रात टाकले. बाजारात ओलाव्याला हवा म्हणतात. 'हवा सतरा,' तो म्हणाला. व्यापाऱ्याचं माप दहा-दोन-दोन: दहा हवा, दोन माती, दोन डागी. वर जाईल तसा भाव खाली. हमीभावाच्या खरेदीला बारा चालते. (नोव्हेंबरात ती अट पंधरापर्यंत सैल केली, पण तोवर गरजवंतांनी विकून टाकलं होतं. नोव्हेंबरात निवडणूक होती हेही सांगायला हवं.) दादानं सतरा ऐकून मान हलवली. वाटेत म्हणाला, 'दोन दिवसांच्या उन्हाचे क्विंटलला चारशे रुपये.' मी मनातल्या मनात हिशेब केला. उन्हाचा भाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

परत आलो तेव्हा दक्षिणेकडे आभाळ काळवंडलं होतं. वहिनी आणि टोळीतली दोन माणसं आधीच पसरलेलं पीक गोळा करत होती. आम्हीही लागलो. कापलेल्या सोयाबीनच्या कवळीला, म्हणजे कवेत मावेल एवढ्या पेंढीला, नख लावून धरावं लागतं, शेंगांची टोकं बोटांत जातात. माळाचं सव्वा एकर कापून झालं होतं, बाकी उभं. वाकून उचलताना कवळी छातीशी धरली की ती वाजत होती. आता आवाज कोरडा होता, हवा तसा. अंधार पडेपर्यंत बनीम झाली, ताडपत्री ओढली, कडेनं दगड ठेवले, आण्णांच्या वेळचं जुनं नांगराचं लोखंड मधोमध टाकलं.

रात्री जेवणं झाली. दादा अंगणात उभा राहिला होता, काकूनं दोनदा हाक मारली तरी आला नाही. साडेअकराच्या सुमारास वीज चमकली, आवाज लांबचा. मग वारा पडला. वारा पडणं वाईट. मी पडवीत खाटेवर होते, दादा खाली घोंगडीवर. माजघरात घटाजवळची समई तेवत होती, तिचा उजेड दाराच्या फटीतून त्याच्या पायांवर पडला होता. पत्र्यावर पहिला थेंब वाजला. मग दुसरा. मग एकदम सगळा पत्रा.

मला वाटलं तो उठेल. तो उठला नाही. पावसाचा जोर किती, तो किती वेळ टिकतो, वाऱ्याची दिशा काय, हे तो पत्र्याच्या आवाजावरून मोजत असणार. वीसेक मिनिटं गेली. पाऊस ना वाढला ना थांबला. मीही जागी आहे हे त्याला ठाऊक होतं.

'तुरीला बरं हाय,' तो अंधारात म्हणाला आणि कुशीवर वळला.

झोप मात्र दोघांनाही लागली नाही.